निळ्या अंड्यांचे खोटे माहात्म्य

कोंबडीच्या अंड्याचे कवच निळे होते ते बिलिव्हर्डिन या एकाच रंगद्रव्यामुळे. रक्तातील हीम या घटकाचे विघटन होताना हे द्रव्य तयार होते. मुका मार लागून काळीनिळी पडलेली त्वचा काही दिवसांनी हिरवट दिसू लागते, तीही याच द्रव्यामुळे. अंडे तयार होऊन बाहेर पडायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यांतले वीसेक तास ते कवचग्रंथीत असते. तिथे त्यावर चुन्याचे थर चढतात आणि निळे अंडे देणाऱ्या कोंबडीत त्या थरांबरोबर बिलिव्हर्डिनही मुरत जाते. म्हणून निळे अंडे फोडून आतला पातळ पडदा नखाने सोलून काढला, तर कवच आतूनही निळेच दिसते. तपकिरी अंड्याचे तसे नसते. त्याचा रंग प्रोटोपॉर्फिरिन या दुसऱ्या द्रव्याचा. तो मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरच्या थरात बसतो, त्यामुळे तपकिरी अंड्याचे कवच आतून पांढुरके निघते. एकाच कोंबडीत दोन्ही द्रव्ये आली की निळ्यावर तपकिरी चढते आणि अंडे हिरवे किंवा शेवाळी दिसते. पांढऱ्यापासून गडद तपकिरीपर्यंत आणि फिक्या आकाशीपासून शेवाळीपर्यंत कोंबडीच्या अंड्यांच्या साऱ्या छटा या दोनच द्रव्यांच्या कमीअधिक प्रमाणातून येतात.

एवढ्या सरळ गोष्टीभोवती गेल्या शंभर वर्षांत दाव्यांचे मोठे जाळे विणले गेले आहे. निळे अंडे प्रकृतीला अधिक चांगले, त्यात कोलेस्टेरॉल कमी, असे एक जण सांगतो. निळा रंग विषाणूमुळे येतो, तेव्हा ते अंडे खाऊच नये, असे दुसरा सांगतो. कानाच्या पाळीचा रंग पाहून अंड्याचा रंग ओळखता येतो, हे तिसऱ्याचे म्हणणे. निळ्या अंड्यांची खरी कोंबडी म्हणजे बिनशेपटीची, कानांजवळ पिसांचे झुपके असलेली अरौकानाच, बाकीच्या सगळ्या भेसळीच्या, असा चौथ्याचा आग्रह. पिले विकणारा यांतला सोयीचा दावा उचलतो आणि घेणारा त्यावर विसंबून दाम मोजतो. यांपैकी एकही दावा तपासणीला उतरत नाही. निळे अंडे त्या कोंबडीबद्दल एकच गोष्ट खात्रीने सांगते, ती म्हणजे तिच्या एका जनुकाची निदान एक प्रत विशिष्ट प्रकारची आहे. तिची प्रकृती, तिचे कूळ, तिची अंड्यांची संख्या किंवा अंड्याचा कस, यांतले काहीही त्या रंगात लिहिलेले नसते.

आरोग्याचा दावा सर्वांत जास्त विकला जातो, म्हणून तो आधी घ्यावा. अमेरिकेत अरौकाना कोंबडीच्या अंड्यांत कोलेस्टेरॉल कमी असते असा बोलबाला झाला आणि ती अंडी चढ्या भावाने विकली जाऊ लागली. 1970च्या दशकात संशोधकांनी ही अंडी इतर जातींच्या अंड्यांशी ताडून पाहिली. कोलेस्टेरॉल कमी असल्याचे आढळले नाही. याचे कारण अंडे ज्या क्रमाने घडते त्यातच आहे. कोलेस्टेरॉल असते पिवळ्या बलकात. बलक अंडाशयात वाढतो आणि त्याची मुख्य वाढ आठवडाभर चालते. पूर्ण वाढलेला बलक सुटून अंडनलिकेत येतो, त्याभोवती पांढरा बलक चढतो, मग दोन पडदे येतात आणि सर्वांत शेवटी कवच. बिलिव्हर्डिन येते ते या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे अंड्याच्या आतला सगळा ऐवज भरून पडद्यांत बंद झाल्यानंतर. घर बांधून पुरे झाल्यावर भिंतीला दिलेल्या रंगाने आतल्या कोठीतले धान्य बदलत नाही, तसेच हे आहे. शिवाय माणूस कवच खात नाही. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने आणि दोनशे मिलिग्रॅमच्या आतबाहेर कोलेस्टेरॉल असते. कवच पांढरे असो, तपकिरी असो की निळे, या हिशेबात फरक पडत नाही.

निळ्या अंड्यांचा बलक अधिक केशरी असतो, चव वेगळी लागते, असे अनुभवाने सांगणारेही असतात. त्यांचा अनुभव खोटा म्हणण्याचे कारण नाही. मात्र त्याचे श्रेय चुकीच्या ठिकाणी दिले जाते. निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या बहुधा हौसेने, परसात मोकळ्या पाळल्या जातात. त्या गवत, पालापाचोळा, किडे खातात. बलकाचा रंग खाद्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांवर ठरतो. मका, लसूणघास किंवा झेंडूच्या पाकळ्या खाद्यात आल्या की पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्नचा बलकही गडद होतो. बलकातल्या चरबीचा प्रकार आणि काही जीवनसत्त्वे हीसुद्धा खाद्यानुसार बदलतात. तीच निळ्या अंड्यांची कोंबडी पिंजऱ्यात ठेवून साध्या कारखानी खाद्यावर पोसली, तर कवच निळेच राहील आणि बलक इतर पिंजऱ्यांतल्या अंड्यांसारखा होईल. गुण परसाचा आहे, कवचाचा नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गफलत ओळखीची वाटेल. बाजारात तपकिरी अंडे म्हणजे गावरान अंडे असे मानून जास्त भाव दिला जातो. वास्तविक तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या मोठ्या पोल्ट्र्यांमध्येही असतात आणि खऱ्या गावरान कोंबडीचे अंडे पुष्कळदा फिक्या बदामी किंवा मळकट पांढऱ्या रंगाचे असते. कडकनाथचे मांस आणि हाडे काळसर असतात, म्हणून तिचे अंडेही काळे असते असा समज पसरला. प्रत्यक्षात ते फिक्या बदामी रंगाचे असते. कवचाचा रंग पाहून आतला कस ठरवण्याची ही सवयच मुळात चुकीची आहे. निळ्या अंड्यांच्या निमित्ताने ती अधिक महाग पडते, इतकेच.

आता विषाणूची भीती. हिच्यामागे एक खरी गोष्ट आहे, पण तिचा अर्थ उलटा लावला गेला आहे. 2013 साली चीनमधील आणि ब्रिटनमधील संशोधकांनी वेगवेगळ्या अभ्यासांतून निळ्या रंगाचे मूळ शोधून काढले. कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रावर एसएलसीओ1बी3 नावाचे जनुक आहे. एरवी ते प्रामुख्याने यकृतात काम करते आणि पित्तातली द्रव्ये पेशींमधून इकडून तिकडे नेते. निळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये या जनुकाच्या अलीकडे ईएव्ही-एचपी नावाच्या एका रेट्रोव्हायरसच्या जनुकीय साखळीचा तुकडा घुसून बसलेला आढळला. त्या तुकड्यामुळे हे जनुक कवचग्रंथीतही चालू होते आणि बिलिव्हर्डिन कवचात उतरते. हा तुकडा कोंबडीच्या डीएनएचा कायमचा भाग झालेला आहे. तो आईबापांकडून पिलाकडे येतो, जसा पायांचा किंवा पिसांचा रंग येतो. कोंबडी त्याने आजारी पडत नाही, तो शेजारच्या कोंबडीला लागत नाही आणि अंडे खाणाऱ्यालाही लागत नाही. असे जुने विषाणूंचे अवशेष सर्व प्राण्यांच्या डीएनएमध्ये आहेत. माणसाच्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग अशाच प्राचीन रेट्रोव्हायरसांपासून आलेला आहे. निळ्या अंड्याला विषारी म्हणणाऱ्याला हाच न्याय लावून माणसालाही रोगट म्हणावे लागेल.

याच संशोधनाने आणखी एक दावा निकालात काढला. दक्षिण अमेरिकेत चिलीमधील मापुचे लोकांकडे निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. चीनमध्येही डोंगशियांग आणि लुशी या जाती निळी अंडी देतात. दोन्हीकडे निळी अंडी आहेत, त्या अर्थी चिलीच्या कोंबड्या पॅसिफिक ओलांडून आशियातून आल्या असाव्यात, असा तर्क वारंवार केला गेला. 2013च्या अभ्यासांत दिसले की चिलीच्या आणि चीनच्या कोंबड्यांत विषाणूचा तुकडा डीएनएमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी बसलेला आहे. म्हणजे ही घटना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडली आणि दोन्हीकडच्या माणसांना तो रंग आवडल्यामुळे ती कोंबडी जपली गेली. कोलंबसपूर्वी दक्षिण अमेरिकेत कोंबड्या होत्या का, हा वेगळा प्रश्न आहे. चिलीतील एल अरेनाल येथे सापडलेल्या कोंबडीच्या हाडांचा काळ 2007 साली चौदाव्या शतकाच्या आसपासचा ठरवण्यात आला आणि त्यावर पुढे जोरदार वाद झाला. त्या वादाचा निकाल काहीही लागो, निळे अंडे त्यात साक्षीदार होऊ शकत नाही. प्राचीन कुळाची कोंबडी म्हणून जास्त दाम घेणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

रंग पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, हे केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी 1933 साली मांडले. शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने ज्यांच्या नावाची चौकट वहीत आखलेली असते, तेच हे पनेट. निळ्या अंड्याचे जनुक प्रभावी आहे. प्रत्येक कोंबडीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोहोंपैकी एक प्रत निळी असली तरी अंडे निळे होते. निवडीसंबंधी जे काही सांगण्यासारखे आहे, ते जवळजवळ सगळे या एका नियमातून निघते. दोन्ही प्रती निळ्या असलेल्या कोंबड्याच्या सर्व लेकी निळी, किंवा आई तपकिरी अंड्यांची असेल तर हिरवट, अंडी देतात, आई कोणत्याही जातीची असो. एकच निळी प्रत असलेल्या कोंबड्याची पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीशी जोडी लावली, तर लेकींपैकी सरासरी निम्म्याच निळी अंडी देतात. कोंबडा आणि कोंबडी दोघांकडे एकेकच निळी प्रत असेल, तर चारांतली एक लेक निळे अंडे देत नाही. दुकानात किंवा हॅचरीत निळ्या अंड्यांची जात म्हणून मिळणारी पिले यांतल्या कोणत्या जोडीची आहेत, हा खरा प्रश्न आहे. तो विचारला मात्र क्वचितच जातो.

अडचण कोंबड्याची. कोंबडा अंडी देत नाही, त्यामुळे त्याच्याकडे किती निळ्या प्रती आहेत हे त्याच्याकडे बघून कळत नाही. जुना उपाय असा की त्याची जोडी पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांशी लावायची आणि लेकी अंड्यावर येईपर्यंत पाच-सात महिने थांबायचे. कोंबड्याकडे एकच प्रत असेल, तर सहाच्या सहा लेकींनी निळी अंडी देण्याची शक्यता चौसष्टांत एक एवढीच असते. एका लेकीने जरी पांढरे अंडे दिले, तरी निर्णय तिथेच लागतो. आता डीएनए चाचणीने हेच उत्तर थोड्या दिवसांत मिळते. हा सगळा खटाटोप टाळून नुसत्या रूपावरून कोंबडा निवडणारा पुढच्या पिढीत फसतो.

रूपावरून अंड्याचा रंग ओळखण्याच्या खुणांपैकी सर्वांत प्रसिद्ध खूण कानाच्या पाळीची. पांढऱ्या पाळीची कोंबडी पांढरे अंडे देते आणि लाल पाळीची तपकिरी, असा आडाखा सांगितला जातो. भूमध्य समुद्राकडच्या आणि काही आशियाई जातींपुरता तो बराचसा खरा ठरतो. निळ्या अंड्यांच्या बाबतीत तो साफ कोसळतो. अरौकानाची पाळी लाल असते आणि अंडे निळे. क्रीम लेगबारची पाळी पांढुरकी असते आणि अंडेही निळेच. सिल्की कोंबडीची पाळी निळसर असते, तिचे अंडे मात्र मलईच्या रंगाचे. पाळीचा रंग आणि कवचाचा रंग यांची जनुके वेगळी आहेत. काही जातींत ती योगायोगाने बरोबर आली, एवढेच.

तुऱ्याची खूण थोडी अधिक भरवशाची आहे आणि म्हणूनच तिची मर्यादा समजून घेणे गरजेचे आहे. चिलीच्या कोंबड्यांचा तुरा बुटका, तीन ओळींत वाटाण्याचे दाणे लावल्यासारखा असतो. या तुऱ्याचे जनुक आणि निळ्या अंड्याचे जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी जवळ आहेत, त्यामुळे ती बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. मिश्र पिलांत वाटाण्यासारख्या तुऱ्याची तलंग निवडली, तर निळे अंडे मिळण्याची शक्यता म्हणूनच वाढते. पण जवळ असणे म्हणजे चिकटलेले असणे नव्हे. अधूनमधून दोन जनुकांची ताटातूट होते. ब्रिटनमध्ये घडवलेली क्रीम लेगबार हा याचा जिवंत पुरावा आहे. तिच्यात निळे अंडे चिलीच्या कोंबड्यांकडून आले, तुरा मात्र लेगहॉर्नसारखा एकेरी, उंच, दातेरी आहे. तुरा पाहून क्रीम लेगबार नाकारणारा माणूस निळ्या अंड्यांची चांगली कोंबडी हातची घालवतो.

खाद्यातून रंग बदलता येतो हा समज तर पूर्ण निराधार आहे. पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीला कोणताही पाला, धान्य किंवा औषध खाऊ घातले तरी तिचे अंडे निळे होत नाही. निळे अंडे देणाऱ्या कोंबडीचा रंग हंगामाच्या सुरुवातीला गडद असतो आणि महिनेच्या महिने अंडी देत गेल्यावर फिका होत जातो. हा चढउतार कोंबडीच्या शरीराचा आहे. तो विक्रेत्याचा दोष नाही आणि खाद्याचा गुणही नाही.

आता मुख्य वादाकडे वळता येते. तो आहे खऱ्या जातीचा. मापुचे लोकांना स्पॅनिशांनी अरौकानो हे नाव दिले होते, त्यावरून या कोंबड्यांना अरौकाना म्हणू लागले. स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञ साल्वादोर कास्तेलो यांनी 1914 साली चिलीत अशा कोंबड्या पाहिल्या. त्या बिनशेपटीच्या होत्या, त्यांच्या कानांजवळ पिसांचे झुपके होते आणि त्या निळी अंडी देत होत्या. 1921 साली हेग येथे भरलेल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत कास्तेलो यांनी ही वेगळी प्रजातीच असावी असे सुचवून तिला गॅलस इनॉरिस हे नाव दिले. मुळात हे तिन्ही गुण एकत्र आणले होते चिलीतील पैदासकार रुबेन बुस्तोस यांनी. निळी अंडी देणाऱ्या बिनशेपटीच्या कोयोंका आणि झुपके असलेल्या केत्रो या दोन प्रकारच्या कोंबड्यांच्या संकरातून त्यांनी आपला कळप घडवला होता. 1924 साली बार्सिलोनाच्या दुसऱ्या परिषदेत कास्तेलो यांनी आपली चूक स्वतः दुरुस्त केली. ज्या मूळ प्रजातीच्या नावाने आजही शुद्धतेचा आग्रह धरला जातो, ती कल्पना तिच्या जनकानेच तीन वर्षांत मागे घेतली होती.

तरीही 1976 साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने अरौकानाचे जे प्रमाण मान्य केले, त्यात शेपूट नसणे आणि कानांजवळचे झुपके ही जातीची मुख्य लक्षणे ठरली. ब्रिटनमधील अरौकाना वेगळी. तिला शेपूट असते, डोक्यावर पिसांची शेंडी आणि गालांवर दाट पिसे असतात. अमेरिकेत शेपटीची, दाढी आणि गालमिशा असलेली निळ्या अंड्यांची कोंबडी अमेरौकाना या नावाने 1984 साली स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. म्हणजे एकाच नावाची कोंबडी एका देशात बिनशेपटीची आणि दुसऱ्या देशात शेपटीची आहे आणि अमेरिकेतल्या शेपटीच्या कोंबडीला वेगळेच नाव आहे. यांतली खरी कोणती, हा वाद प्रदर्शनातल्या पंचांच्या वहीपुरता राहतो. अंडे तिघींचेही निळेच असते.

झुपक्यांचा हा आग्रह पुस्तकी राहिला असता तर त्याला उत्तर देण्याचे कारण नव्हते. पण त्याची किंमत पिलांच्या जिवाने मोजली जाते. कानांजवळचा झुपका ज्या जनुकामुळे येतो, त्याची एक प्रत असली की झुपका येतो आणि दोन प्रती आल्या की पिलू अंड्यातच मरते. बहुतेक वेळा ते उबवणीच्या शेवटच्या टप्प्यात, सतराव्या ते एकोणिसाव्या दिवसाच्या सुमारास मरते. एक प्रत असलेली काही पिलेही अंड्याबाहेर येत नाहीत. झुपके असलेल्या कोंबड्याची झुपके असलेल्या कोंबडीशी जोडी लावली, तर चारांतले एक पिलू ठरलेले मरण घेऊनच अंड्यात वाढू लागते. अठराव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडी एकेक करून दिव्यासमोर धरली की हे डोळ्यांना दिसते. जिवंत अंड्यात हवेच्या कप्प्याखाली सगळे काळे भरलेले असते आणि कप्प्याच्या कडेशी मधूनच हालचाल जाणवते. मेलेल्या अंड्यात तोच काळा आकार असतो, रक्तवाहिन्यांच्या रेषा विरलेल्या असतात आणि कितीही वेळ धरले तरी काही हलत नाही. पूर्ण वाढलेले, पिसे फुटलेले पिलू आत असते. ते उबवणाऱ्याच्या चुकीने मेलेले नसते, जोडी निवडणाऱ्याच्या निर्णयाने मेलेले असते.

या आग्रहातली विसंगतीही लक्षात घ्यायला हवी. दोन प्रती असलेले पिलू जगतच नाही, म्हणून झुपक्यांचा गुण कधीच पक्का होऊ शकत नाही. झुपके असलेली प्रत्येक जिवंत कोंबडी एकच प्रत बाळगते आणि तिच्या पिलांत बिनझुपक्यांची पिले निघतच राहतात. शुद्ध जात म्हणजे जिची पिले तिच्यासारखीच निघतात, ही पैदासकारांची स्वतःची व्याख्या. तिच्यानुसार झुपकेवाली अरौकाना कधीच शुद्ध होऊ शकत नाही. बिनझुपक्यांची बहीण त्याच आईबापांची असते, तसेच निळे अंडे देते आणि तिच्या पिलांवर हे संकट येत नाही. प्रदर्शनात मात्र तिला कमी लेखले जाते. शेपूट नसण्याचाही त्रास आहेच. शेपटीच्या हाडांबरोबर पिसांना तेल लावणारी ग्रंथीही नसते आणि मागची पिसे मध्ये येऊन फलन कमी होते, म्हणून पैदासकार ती कातरतात. निळ्या अंड्यासाठी यांतल्या कशाचीही गरज नाही.

दुसऱ्या टोकाला हॅचरीचे लेबल आहे. अमेरिकेतल्या अनेक हॅचऱ्या अरौकाना, अमेरौकाना किंवा अमेरिकाना अशा नावांनी पिले विकतात आणि ती बहुधा ईस्टर एगर असतात. ईस्टर एगर ही जात नव्हे. निळ्या अंड्यांचे जनुक बाळगणाऱ्या मिश्र कोंबड्यांचे ते सामान्य नाव आहे. त्यांची अंडी निळी, हिरवी, गुलाबीसर, क्वचित तपकिरीही निघतात. या कोंबड्यांना हिणकस म्हणणारे जातिवंत पैदासकार आणि त्यांना जातिवंत नावाने खपवणारे विक्रेते, दोघेही चुकतात. ईस्टर एगर पुष्कळदा काटक, शांत आणि अंड्यांना चांगली असते. तिच्यात दोष नाही. दोष खोट्या नावात आहे, कारण त्या नावामुळे घेणारा सहाच्या सहा तलंगा निळी अंडी देतील असे गृहीत धरतो आणि सात महिन्यांनी टोपलीत निम्मी अंडी बदामी दिसली की कोंबडीला दोष देतो. मिश्र म्हणून घेतलेली मिश्र कोंबडी कोणालाही फसवत नाही.

अंड्यांच्या संख्येबाबतही स्पष्ट बोलावे लागेल. अरौकाना आणि अमेरौकाना वर्षाला साधारण दीडशेच्या आसपास अंडी देतात, क्रीम लेगबार त्याहून जास्त. पांढऱ्या अंड्यांच्या संकरित लेगहॉर्न तीनशेच्या घरात जातात. ज्याला अंडी विकून घर चालवायचे आहे, त्याने केवळ रंगासाठी निम्म्या उत्पन्नावर समाधान मानणे परवडणारे नाही. ज्याला परसात चार-सहा कोंबड्या हौसेने पाळायच्या आहेत, त्याला दीडशे अंडी पुरेशी आहेत. दोघांची गरज वेगळी असल्यामुळे सर्वोत्तम निळ्या अंड्यांची कोंबडी असा एकच निकाल देणारा सल्लागार दोघांपैकी एकाला तरी चुकीचा सल्ला देतो.

क्रीम लेगबारचा विचार यासाठी आवर्जून करावा. पनेट आणि मायकेल पीझ यांनी केंब्रिजमध्ये पिलावरूनच नर-मादी ओळखता येणाऱ्या ज्या जाती घडवल्या, त्यांतली ही एक. ब्रिटनमध्ये तिचे प्रमाण 1958 साली मान्य झाले. अंड्यातून बाहेर पडल्याच्या दिवशीच मादी पिलाच्या पाठीवर गडद, रेखीव पट्टे दिसतात. नर पिलू फिके असते आणि त्याच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो. परसात कोंबडे नको असणाऱ्याला अर्धी पिले नर निघण्याची भीती त्यामुळे उरत नाही. काळजीपूर्वक पैदास केलेल्या कळपात निळ्या अंड्यांच्या दोन्ही प्रती असतात, झुपक्यांचे घातक जनुक नसते, शेपूट असते आणि अंडीही बऱ्यापैकी मिळतात. ही जात सर्वांसाठीच योग्य आहे असे नव्हे. ती उत्साही, उडणारी, कमी माणसाळणारी असते. पण निळे अंडे, पिलांचा जीव आणि घेणाऱ्याचा पैसा या तिन्हींचा एकत्र विचार करून घडवलेली जात कशी असते, हे ती दाखवते.

महाराष्ट्रात या कोंबड्या हौशी पैदासकारांकडून आणि पार्सलने येणाऱ्या उबवणीच्या अंड्यांमधून पोहोचतात. इथे रंगापेक्षा मोठा प्रश्न रोगाचा आहे. पुलोरमसारखा रोग आजारी कोंबडीच्या अंड्यातूनच पिलात उतरतो. कवच कितीही सुंदर असले तरी तो बाहेरून दिसत नाही. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला आणि तिथल्या पोल्ट्रीवाल्यांना लाखो कोंबड्या गमवाव्या लागल्या. परदेशातून पक्षी किंवा अंडी आणण्यावर कायद्याने नियंत्रण आहे आणि ते योग्यच आहे. ज्या अंड्यांच्या कळपाचा ठावठिकाणा विक्रेता सांगू शकत नाही, ती अंडी निळी असोत की सोन्याची, गावातल्या शंभर घरांच्या कोंबड्या धोक्यात घालून घ्यावीत अशी नसतात.

एवढे सगळे पाहिल्यावर निवडीची पद्धत सोपी उरते. आईच्या अंड्याचा रंग प्रत्यक्ष पाहावा. बाप कोणत्या रंगाच्या अंड्यातून निघाला आणि त्याच्या लेकी कोणती अंडी देतात हे विचारावे, किंवा त्याची डीएनए चाचणी झाली आहे का ते विचारावे. कळपातल्या अंड्यांची आणि उबवणीची नोंदवही मागावी. शंभर अंड्यांतून किती पिले निघाली हा आकडा जातीच्या नावापेक्षा अधिक बोलका असतो. झुपकेवाल्या दोन पक्ष्यांची जोडी लावणाऱ्याकडून पिले घेऊ नयेत. कोलेस्टेरॉल, औषधी गुण आणि प्राचीन कूळ यांच्या नावाने वाढवलेली किंमत देऊ नये. हिरवे अंडे हवे असेल तर निळ्या अंड्यांच्या कोंबड्याची मारानसारख्या गडद तपकिरी अंड्यांच्या कोंबडीशी लावलेली जोडी शोधावी. त्यासाठीही नव्या जातीचे नाव विकत घेण्याची गरज नाही.

निळा रंग सुंदर आहे आणि तो आवडतो म्हणून कोंबडी पाळण्यात गैर काहीच नाही. मापुचे लोकांनी आणि चीनमधल्या खेडुतांनी ती बहुधा याच कारणासाठी जपली. सौंदर्याला औषधाचा, शुद्धतेचा किंवा पुराणत्वाचा आधार लागत नाही. तो आधार उभा केला जातो तेव्हा त्याचा भार घेणाऱ्याच्या खिशावर पडतो आणि अठराव्या दिवशी अंड्यातच थांबलेल्या पिलावर पडतो. खिसा पुन्हा भरता येतो. पिलाचे तसे नाही. म्हणून निळ्या अंड्यांची कोंबडी घेणाऱ्याने विक्रेत्याला पहिला प्रश्न रंगाचा विचारू नये. किती पिले जिवंत निघाली, हे आधी विचारावे.